प्रिंटरवर बसलेली देवी

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं जेवढं कोडकौतुक झालं तेवढं मालकांच्या जावयाचंही झालं नव्हतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवायचो. आम्ही म्हणजे बाकीचे लोक. मी जूनमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले होते आणि पंप आतून कसा असतो हे मला आजही धड सांगता येणार नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेडमध्ये माणसं घामाने निथळत असायची आणि कॉम्प्युटरला मात्र स्वतंत्र खोली, खोलीला एसी, दाराला जाड पडदा. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. धुळीने मशीन बिघडतं असं सांगितलं होतं. मोज्यांच्या वासाने काय होतं ते कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो आत भरपूर असायचा.

मशीनला चार टर्मिनल जोडलेले होते. एक माझ्यापुढे, एक स्टोअरमध्ये, एक डिस्पॅचला आणि एक आमच्या मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांच्या टर्मिनलवरचं प्लॅस्टिक कधी निघालंच नाही. कोणता भाग कोणत्या रॅकमध्ये, कोणत्या खणात, किती शिल्लक, हे सगळं डेटाबेसमध्ये होतं. त्याआधी ते तात्यांच्या कार्डांवर होतं आणि कार्डांच्याही आधी तात्यांच्या डोक्यात. तात्या म्हणजे आमचे स्टोअरकीपर. पंचवटीत राहायचे, पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, अंघोळ करून कपाळाला गंध लावून सायकलने सातपूरला यायचे. कॉम्प्युटरने त्यांचं डोकं रिकामं केलं तरी त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. रॅकचे नंबर त्यांनीच मला पाठ करून घेतले. मला ते पोरी म्हणायचे आणि मला ते आवडायचं, हे इथेच सांगून टाकते.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मला दोन दिवसांत सगळं शिकवलं. म्हणजे त्याने दोन दिवस बोलून घेतलं. डेटाबेसचा एक सर्व्हर असतो, तो सकाळी एकदा उठवायचा आणि बॅकग्राउंडला सोडून द्यायचा, असं त्याने सांगितलं. मला काही कळेना, तेव्हा तो म्हणाला, "लग्नात आचारी कुठे असतो? मांडवाच्या मागे. पंगतीत येऊन बसत नाही. पण तो उठला नाही तर पंगत उपाशी." हे मला लगेच कळलं. मग त्याने एका रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहून दिल्या. पहिली रोजची. तिच्या शेवटी जिलेबीसारखं एक चिन्ह होतं. ते दिलं की सर्व्हर मागे जाऊन बसतो. दुसरी ओळ बिनजिलेबीची, फक्त तपासणीसाठी. ती दिली की सर्व्हर समोरच, आपल्या स्क्रीनवर चालतो, पण तो टर्मिनल मग दुसऱ्या कशाच्या कामाचा राहत नाही. आतल्या प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदलायचं नाही, अशी त्याने मला तंबी दिली. त्याच रजिस्टरमध्ये पुढे रकाने आखले: बिघाड, कारण, उपाय, सही.

साहेबांना कागदाशिवाय चैन पडायचं नाही. म्हणून इंजिनिअरने कोपऱ्यात एक छोटा प्रिंटर लावून दिला होता. पहिल्या ओळीने सर्व्हर उठला की तो आधी त्या प्रिंटरवर तीन ओळी छापायचा: तारीख, वेळ आणि मी उठलो अशा अर्थाचं इंग्रजी. मग कामाला लागायचा. सकाळी सव्वानऊला त्या प्रिंटरची खर्रर्र झाली की आमचा दिवस सुरू.

माझी नोकरी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. नोव्हेंबर अखेरीला कायम व्हायचं किंवा घरी जायचं. घर नाशिकरोडला, आमच्या बौद्ध वस्तीत. वडील प्राथमिक शिक्षक. वस्तीत कॉम्प्युटरला हात लावलेली मी पहिली, आणि ही गोष्ट वडिलांनी सातपूरच्या बसच्या कंडक्टरपासून रेशनच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. मी घरी बसले असते तर त्या सगळ्यांना पुन्हा एकेकट्याला गाठून सांगावं लागलं असतं. मला नोकरीची भीती होती, पण त्याहून जास्त भीती वडिलांच्या त्या फेरीची होती.

तर खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळं धुऊनपुसून त्याची पूजा व्हायची. अगदी ग्रीसच्या डब्यालाही हळदकुंकू. कॉम्प्युटरची ही पहिलीच खंडेनवमी. त्याला वाईट वाटू नये म्हणून साहेबांनी त्याच्याही पूजेचं फर्मान काढलं. आत नारळ फोडायचा नाही एवढी एकच अट; तो बाहेर पायरीवर फोडला. वणीच्या देवीची मोठी फ्रेम आणली, झेंडूचे हार, लाल कापड, रंगीत दिव्यांची माळ. मी दारात उभी होते. कोणी मला आत ये म्हटलं नाही, नको येऊ असंही म्हटलं नाही. पेढा मिळाला, तो खाल्ला. चांगला होता.

दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं आणि पहिली ओळ दिली. काहीच झालं नाही. टर्मिनलवर सर्व्हर सापडत नाही असा संदेश. पुन्हा दिली, पुन्हा तेच. कोण कोण जागं आहे याची यादी मशीनकडे मागता यायची. त्या यादीत सर्व्हरचं नाव होतं. म्हणजे तो उठला होता, पण दार उघडत नव्हता. शेवटी मी त्याला बंद केलं आणि बिनजिलेबीची ओळ दिली. पठ्ठ्या लगेच माझ्या स्क्रीनवर चालू झाला. आचाऱ्याने मांडवामागे जायचं नाकारलं होतं आणि पंगतीत, माझ्या पाटावर बसून तो स्वयंपाक करत होता.

दहा-बारा दिवस असेच गेले. रोज सकाळी पहिली ओळ, दहा मिनिटं वाट, मग सर्व्हर बंद, मग दुसरी ओळ. माझा टर्मिनल अडकलेला, त्यामुळे नोंदी करायला मी स्टोअरमध्ये जायचे आणि इकडे माझ्या कीबोर्डवर पुठ्ठा ठेवून त्यावर "हात लावू नये" लिहिलेलं. हात लावू नये असं लिहिलं की लोकांना हात लावावासा वाटतो. एकदा मालकांच्या पाहुण्यांनी पुठ्ठा उचलून, काय आहे हे, असं म्हणत एक की दाबली. सर्व्हर बंद पडला. डिस्पॅचचा टेम्पो दोन तास दारात उभा राहिला आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरत होता.

पुण्याला ट्रंककॉल लावला. इंजिनिअर म्हणाला, "तो कशाची तरी वाट बघत असेल. मी दिवाळीनंतर येतो. तोवर काही बदलू नका." दिवाळी तोंडावर असताना इंजिनिअर मिळणं म्हणजे भाऊबीजेला रिकामी एसटी मिळण्यासारखं होतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, हे मशीन जूनपासून नीट चाललं होतं."

"मीही जूनपासूनच आहे, साहेब."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. याचा अर्थ काय ते त्यांनाही माहीत नसावं. मग म्हणाले, "मी सोमवारी मुंबईला जातोय. शुक्रवारी येईन. तोवर ते पहिल्यासारखं सुरू झालं पाहिजे. नाहीतर आपली कार्डं काय वाईट होती? मग ऑपरेटरचंही काही कारण राहत नाही."

बाहेर आल्यावर डिस्पॅचचा क्लार्क हळूच म्हणाला, "ताई, एकदा देवीला नमस्कार करून बघा ना. हात जोडायला काय जातं?" त्याचा हेतू वाईट नसेल. पण सगळ्या कारखान्यात ही चर्चा चालली आहे, हे मला तेव्हा कळलं. नमस्कार न करणारी मी एकटी आणि बिघडलेलं मशीनही माझंच, त्यामुळे हिशोब सगळ्यांचा जुळला होता. मला इतका संताप आला की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

वडिलांनी डबा उघडून पाहिला आणि काय झालं ते विचारलं. सांगितल्यावर फळ्यावर लिहिताना बोलतात तशा आवाजात म्हणाले, "यंत्राला कोप येत नाही. कारण असतं. दसऱ्याआधी काय होतं जे आता नाही, ते शोध." मी म्हटलं, सगळं तेच आहे. तीच खोली, तेच मशीन, त्याच ओळी.

मंगळवार उजाडला. पहिली ओळ दिली, सर्व्हर यादीत दिसला, दार बंद. तो बंद करायचाही मला कंटाळा आला होता. तशीच बसून राहिले. पावणेदहा झाले तेव्हा कँटीनच्या मावशी चहा घेऊन आल्या. मावशी हरसूलकडच्या, तोंडाने फटकळ, चहा मात्र मायेचा.

"मावशी, हल्ली चहा उशिरा का हो? आधी सव्वानऊला यायचा."

"मला काय घड्याळ कळतंय व्हय?" मावशी म्हणाल्या. "तुमचं ते खर्रर्र वरडायचं ना सकाळी, ते ऐकलं का मी चहा गाळायची. आता लय दिवस झालं, ते वरडतच नाय. मला वाटलं तुमीच त्याला गप केलं."

मी कप तसाच धरून कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात देवी होती. हार, उदबत्तीचं घर, लुकलुकणारी रंगीत माळ, खाली लाल कापड. आणि त्या कापडाखाली काय होतं? चौरंग नव्हताच तो. देवीला बसायला नेमक्या उंचीचं आसन हवं होतं, आणि त्या खोलीत तेवढ्या उंचीची, सपाट पाठीची वस्तू एकच होती. मी कापडाचं टोक वर केलं. छोटा प्रिंटर. कागद काढलेला, बटणावरचा दिवा विझलेला. त्याची वायर नुसतीच लोंबत होती आणि त्याच्या सॉकेटमध्ये दिव्यांच्या माळेची पिन होती.

दहा-बारा दिवस मी त्या प्रिंटरपासून चार हातांवर बसत होते. देव न मानणाऱ्या घरात वाढलेली मी, पण मलाही तिथे फक्त देवीच दिसत होती. सर्व्हर बिचारा रोज सकाळी उठत होता, मी उठलो असं सांगायला प्रिंटरकडे जात होता आणि बंद प्रिंटरपुढे हात बांधून उभा राहत होता. त्या तीन ओळी छापल्याशिवाय तो पुढच्या कामाला हात लावणार नव्हता. समोर चालवला की त्याच ओळी तो माझ्या स्क्रीनवर टाकायचा आणि मोकळा व्हायचा. मला हसू आलं आणि लगेच ते मावळलं, कारण प्रिंटर चालवायचा तर देवीला उचलायला हवं होतं.

मी तात्यांना बोलावून आणलं. कापड वर करून दाखवलं. तात्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"माळ मीच लावली होती," ते म्हणाले. "दुसरं सॉकेट नव्हतं."

"मग आता फ्रेम तेवढी उचला, तात्या. तिकडे कपाटावर ठेवू. उंचही आहे."

"आज मंगळवार, पोरी. देवीचा वार. आज नाही हलवत."

"मग उद्या?"

"साहेबांनी स्वतः बसवलीय. साहेबांना विचारल्याशिवाय कसं?"

"साहेब शुक्रवारी येणार. आणि आल्या आल्या मला घरी पाठवणार."

तात्यांची नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या हातांकडे होती. मी काय करणार हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. "तू नको हात लावू," ते हळूच म्हणाले. त्यांनी कारण दिलं नाही. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. इतके महिने पोरी पोरी म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला फार लागलं.

मग मी दोन्ही हातांनी फ्रेम उचलली. वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ हलकी होती. मागच्या बाजूला एका औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर चिकटवलेलं होतं. ती नीट कपाटावर ठेवली, हार सरळ केला, लाल कापडाची घडी करून खाली घातली. माळेची पिन काढली, प्रिंटरची लावली, कागद चढवला आणि बटण दाबलं.

खर्रर्र. सकाळपासून अडकलेल्या सर्व्हरने आपल्या तीन ओळी छापल्या आणि दुसऱ्याच क्षणी डिस्पॅचमधून आवाज आला की आपोआप सुरू झालंय. माझ्या टर्मिनलवर आता आचारी येऊन बसलेला नव्हता. थोड्या वेळाने मावशी पुन्हा चहाची किटली घेऊन हजर. मघाशीच चहा झाला होता, पण खर्रर्र ऐकून त्यांचा हात आपोआप गाळणीकडे गेला होता. तात्यांनी चहा घेतला नाही. कामं पडलीत म्हणून निघून गेले.

बुधवारी सकाळी मी जरा रुबाबातच पहिली ओळ दिली. काहीच नाही. प्रिंटर मुका. बटण दाबलं तरी दिवा लागेना. वरचं झाकण उघडलं तर आत कागद ओला, पट्ट्यांवर पाण्याचे थेंब आणि एका कडेला तुळशीचं पान. मी ते पान बोटाने उचललं. मावशी दारात उभ्या होत्या.

"मला बोलू नको म्हनलं व्हतं तात्यांनी," त्या म्हणाल्या. "काल तुमी गेल्यावर घरनं तांब्या घेऊन आले. गंगेचं पानी. देवीवर शिंपडलं, मग ती बसली व्हती त्या जागंवर बी शिंपडलं. मी म्हनलं त्यात लाईट हाय, तर म्हनले दोनच थेंब हायेत."

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही, कारण समोर फक्त मावशी होत्या. ज्या माणसाने मला एकेका रॅकपाशी उभं करून काम शिकवलं, तो संध्याकाळी सायकल मारत पंचवटीला गेला होता आणि माझ्या हाताचा स्पर्श धुवायला पाणी घेऊन परत सातपूरला आला होता. एवढं अंतर त्याने माझ्यासाठी कधी कापलं असतं का, असा विचार मनात आला. मावशींनी पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, चहा पिऊन घ्या.

मला राग आला की अक्कल येते. एरवी मी आज्ञाधारक आहे. इंजिनिअरची तंबी बाजूला ठेवून मी पहिली ओळ दिली की आत चालतो तो प्रोग्रॅम उघडला आणि ओळ न् ओळ वाचली. त्याच्याही शेवटच्या ओळीत तशीच एक जिलेबी होती आणि तिच्या आधी प्रिंटरचं नाव होतं. त्या जागी मी एका फाइलचं नाव घातलं. म्हणजे सर्व्हरला जे काही बोलायचं ते त्याने मशीनच्या पोटातल्या फाइलमध्ये बोलावं, प्रिंटर असो वा नसो. एका शब्दाचा बदल. पुन्हा ओळ दिली आणि सर्व्हर मुकाट्याने मागे जाऊन कामाला लागला. हेच मी मंगळवारी केलं असतं तर देवीला हात लावायची वेळच आली नसती. पण मंगळवारी मला परवानगीची सवय होती.

मग रजिस्टर उघडलं. बिघाड: प्रिंटर बंद, सर्व्हर उठत नाही. उपाय: संदेश फाइलमध्ये वळवले. कारणाच्या रकान्यापाशी मी थोडी थांबले. पाणी गेलं असं लिहिता आलं असतं. मी शाई भरून, सावकाश, एकच शब्द लिहिला: शुद्धीकरण.

शुक्रवारी साहेब आले. पहिली ओळ त्यांनी उभं राहून पाहिली, सर्व्हर उठला, तरी आवाज आला नाही म्हणून जरा खट्टू झाले. मग मी सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. कारणाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी कपाटावरच्या देवीकडे पाहिलं, उघड्या प्रिंटरकडे पाहिलं. हे काय, असं विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर त्यांना काहीतरी करावं लागलं असतं. साहेबांनी सही केली. नोव्हेंबर अखेरीला माझ्या कायम झाल्याच्या पत्रावरही तीच सही आली, जरा घाईची. वडिलांनी ते पत्र कंडक्टरला दाखवलं.

मधल्या काळात तात्या आणि मी बोलत होतो, पण रॅकच्या नंबरांपुरतंच. ते मला पोरी म्हणेनासे झाले होते, आणि मीही त्यांना ते म्हणू दिलं नसतं.

दिवाळी होऊन बरेच दिवस गेल्यावर पुण्याचा इंजिनिअर उगवला. तात्या तेव्हा एका भागाची शिल्लक विचारायला आमच्या खोलीत आले होते, डिस्पॅचचा क्लार्कही होता. इंजिनिअरने रजिस्टर चाळलं, माझा बदल पाहिला आणि चक्क बरोबर आहे म्हणाला. मग कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

"शुद्धीकरण. हा काय प्रकार आहे? कोणी केलं?"

क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. मी काहीच बोलणार नव्हते. लिहायचं ते लिहून झालं होतं.

"मी केलं," तात्या म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. "पाणी मी शिंपडलं. मशीनचा काही दोष नव्हता आणि हिचाही नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथं माझं नाव लिही. नुसतं कारण लिहून कसं चालेल?"

मी पेन घेतलं आणि त्या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. माफ वगैरे केलं नव्हतं, तेव्हाही नाही. पण अक्षर चांगलं काढलं.